वफ्र्याच्या वाळूत दोन एल्मचं गाव

कुवेतला हवापालटासाठी कोणी जात नाही. माणसं तिथं पोटासाठी जातात आणि पोटापुरतंच बघून परत येतात, असं मला चिपळुणात ज्यानं त्यानं ऐकवलं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आखाताच्या टोकाशी एक ठिपका काढायचा आणि शेजारी 'खनिज तेल' लिहायला लावायचं, यापलीकडे माझा त्या मुलखाशी संबंध नव्हता. तरी सहासष्ट सालच्या जानेवारी अखेरीस बिनपगारी रजा टाकून मी मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसले. माझा धाकटा भाऊ श्रीधर तिथं होता, आणि तो आता परत येणार नव्हता.

त्यानं तसं स्पष्टच कळवलं होतं. वफ्र्याच्या तेलछावणीतली नोकरी उन्हाळ्यात संपणार, मग तिथूनच परस्पर अमेरिकेला. मोठ्या शहरात नाही, कुठल्याशा एका कौंटीतल्या लहान गावात. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं काहीतरी, एवढं मी शाळेतल्या पुस्तकात शोधून आईला सांगितलं. आई म्हणाली, "तालुका असो नाहीतर जिल्हा. जायचं तर जाऊ दे त्याला. पण आधी नानाला भेटून जाऊ दे."

नाना म्हणजे आमचा मामा. वडील गेल्यावर त्यानंच आम्हा दोघांना वाढवलं, घाटावरच्या खोऱ्यात, नदीकाठच्या घरात. पुढं त्या खोऱ्यात धरण आलं. श्रीधर तेव्हा नुकता ड्राफ्ट्समन होऊन धरणाच्या कचेरीत लागला होता. पाणी कुठवर चढणार ती रेषा नकाशावर ज्यांनी ओढली त्यांत तोही होता, आणि नानाचं घर त्या रेषेच्या आत आलं. साहेबांनी देवळापुढं नकाशा पसरला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हे अक्षर तर आपल्या शिरीचं." नाना उठून घरी आला आणि दारातच श्रीधरला म्हणाला, "माझ्या घरात पुन्यांदा पाऊल टाकू नगंस." वर्षाच्या आत ते घर पाण्याखाली गेलं. नानाला सोलापूरकडच्या माळावर जमीन मिळाली. श्रीधर कुवेतला निघून गेला. धरणाचं पाणी वीज करून बोगद्यातून खाली आमच्या वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे मामाचं गाव बुडवून आलेलं पाणी रोज माझ्या शाळेमागून वाहतं, आणि मी खिडकी लावून घेऊन शिकवते.

फिंतासवरून

बोटीतले दिवस सांगण्यासारखे नाहीत. मी बहुतेक वेळ आडवी होते. कुवेतच्या धक्क्यावर उतरले तेव्हा पायाखालची जमीन हलत होती आणि गर्दीत श्रीधर कुठंच नव्हता. त्याच्या जागी करवंदी रंगाची टोपी घातलेला एक ठेंगणा गृहस्थ माझ्याकडे बघून हात हलवत होता.

"तुमीच ना शिरीधरच्या अक्का? मी इब्राहिम. फाहाहीलला माझा बकाला हाय, किराण्याचं दुकान. छावणीला भाजी-पाव मीच पोचवतो. त्याला सुट्टी नाय भेटली, बाय. मला धाडलंन."

मला राग आला, पण तो इब्राहिमभाईंवर काढण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या पिकअपमध्ये कांद्याच्या पोत्यांपुढं बसले. ते दाभोळचे निघाले. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी गाडी चालवता चालवता माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हंजे एकाच खाडीचे की आपण! माझा बाप गलबतानं गोवळकोटच्या धक्क्यावर माल टाकायचा. आता ती खाडी ऱ्हायली नाय म्हणे. वरून धरणाचं गोडं पाणी येतंय, मासळी पण बदललीय."

"आता गलबतंही येत नाहीत," मी म्हटलं.

"हितली पण गेली," ते म्हणाले.

शहर मागं पडत होतं. सगळीकडे नवं सिमेंट, रुंद रस्ते, लांबलचक अमेरिकन मोटारी, आणि मधेच एखादी मातीची भिंत, अर्धी पाडलेली. कुठं थांबावं, कशाकडे बघावं ते कळेना. जुनं काय होतं हे विचारायच्या आत ते मागं जात होतं. समुद्र डाव्या हाताला, आपल्या समुद्रापेक्षा फिका आणि गप्प.

फिंतासला इब्राहिमभाईंनी गाडी उभी केली. समुद्राकाठचं जुनं गाव, खजुराची झाडं, विहिरी, मळ्यांचे मातीचे बांध. एका विहिरीपाशी एक म्हातारा अरब नुसताच बसला होता. इब्राहिमभाईंनी त्याला सलाम करून त्याच्याशी दोन शब्द बोलून घेतले आणि मला सांगितलं, "एके काळी हितलं पाणी सगळ्यांत गोडं. कांदा, कलिंगडं काय पिकायची! आता समुद्राचं पाणी गोडं करतात मशिनीत, ते टाकीतून येतं. पोरं तेलाच्या कंपनीत गेली. मळा कोण शिंपतो?"

"मग हे इथं का बसलेत?"

इब्राहिमभाईंनी विचारलं. म्हाताऱ्यानं हसून उत्तर दिलं. "म्हणतो, घरात पंखा फार आवाज करतो."

दुपारचं जेवण फाहाहीलला, इब्राहिमभाईंच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. त्यांच्या बायकोनं, हलीमाबींनी, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि पापलेटाचं कालवण. पापलेटाला तिथं जुबैदी म्हणतात आणि त्याचा मोठा मान आहे. मी डब्यातली आमसुलं काढून दिली तर त्यांनी मूठभर हातात घेऊन नाकाशी नेली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. पाचसहा वर्षांच्या त्यांच्या मुलीला मी नाव विचारलं. तिनं इंग्रजीत सांगितलं. हलीमाबी म्हणाल्या, "शाळेतनं आली की अशीच बोलते. आपली बोली समजते तिला, पण परत देत नाय."

मी दोनदा उठून दारात गेले. हलीमाबींनी ते पाहिलं. "बाय, जेवा निवांत. वाळवंट काय पळून जात नाय."

वफ्रा

फाहाहील सोडून आत वळलं की काही उरत नाही. डोंगर नाही, ओढा नाही, चढ नाही. मी आयुष्यभर फळ्यावर पर्वत आणि नद्या काढत आले. इथं काय काढायचं असा प्रश्न पडला. दूर एका नळीच्या तोंडाशी वायू जळत होता, भर दुपारी, आणि तेवढीच एक खूण धरून इब्राहिमभाई गाडी हाकत होते. वफ्र्याकडे मधूनमधून हिरवी चौकट दिसे. गवताच्या ताट्यांचा आडोसा करून कोणी टोमॅटो लावले होते, खजुराची लहान रोपं होती. वाकून काम करणारे मजूर आपलेही होते आणि इराणकडचेही. इब्राहिमभाई कांदे द्यायला थांबले तिथं पाण्याचा एक घोट मी प्यायले. खारट. त्याच पाण्यावर ती हिरवळ उभी होती.

छावणी अमेरिकनांची. पत्र्याच्या छपरांची एकसारखी घरं सरळ ओळीत, प्रत्येकापुढं हिरवळ रुजवायचा केविलवाणा प्रयत्न, कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी. त्या पाटीपाशी श्रीधर उभा होता. काळवंडलेला, वाळलेला, कपाळावर नवीन आठी.

"बोटीचा त्रास झाला का?"

"झाला."

"उलट्या झाल्या असतील. आलं ठेवायचं जवळ." त्यानं माझी वळकटी उचलली. "अक्का, माझ्या खोलीत चार बाप्ये राहतात. तुझी सोय साहेबांच्या घरी केलीय. एडनाबाई चांगल्या आहेत. मला आता विहिरीवर जायचंय, उद्या भेटतो."

विहीर म्हणजे तेलाची विहीर. तो गेलाही. पाच वर्षांनी भेटलेला भाऊ, आणि पाच मिनिटं बोलला नाही. आईचा निरोप माझ्या तोंडातच राहिला.

एडनाबाई म्हणजे श्रीधरच्या वरच्या साहेबांची बायको. साहेब उन्हाळ्यात आपल्या गावी परतणार होते आणि श्रीधर त्यांच्याच बोलावण्यावरून तिकडं निघाला होता. पन्नाशीच्या, हाडापेरानं मोठ्या, हसताना डोळे मिटणाऱ्या. त्यांचं इंग्रजी मला पहिल्या दिवशी निम्मं कळलं. शब्द च्युइंगगमसारखे ताणून बोलत. माझ्या आडनावाची मोडतोड करून मला 'मिस शिंडी' म्हणत. पहिल्याच रात्री त्यांनी मोठ्या प्रेमानं ताटलीत मांसाचा तुकडा वाढला. हे कशाचं विचारल्यावर गाईचं म्हणाल्या. मी खुर्ची मागं सारली. त्यांचा चेहरा उतरला, माझाही. मग त्या तडक उठल्या, कपाटातून डबा काढला आणि शिजवलेला लाल घेवडा आणि मक्याच्या पिठाची जाड भाकरी पुढं ठेवली. भाकरी भट्टीत भाजलेली आणि किंचित गोड, पण भाकरीच.

"हे आमच्याकडं गरिबांचं खाणं," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडंही," मी म्हटलं. मग दोघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी श्रीधर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो उभ्याउभ्या. मला घरात बसवेना. वारा सुटला होता, खिडकीच्या फटीतून बारीक धूळ येऊन चादरीवर बसे. मी झटके, पुन्हा बसे. एडनाबाई पाय करत होत्या, म्हणजे फळं घालून केलेली त्यांच्याकडची गोड पुरी. मी त्यांच्या मागंपुढं फिरतेय हे पाहून म्हणाल्या, "बसा, नाहीतर मला मदत करा. मधे उभ्या राहू नका."

मी बसले आणि विचारलं, "श्रीधर जाणार ते गाव कसं आहे? तुमचंच ना ते?"

त्यांनी ओट्यावर सांडलेलं पीठ तळहातानं सारखं केलं आणि बोटानं रेघा ओढल्या. उभ्या, आडव्या, सगळ्या सरळ. "आमचे रस्ते असे. मैलाला एक. आधी रस्ते आखले, मग माणसं आली. मधे चौक, चौकात कोर्टाची इमारत, वर घड्याळ. चार बाजूंना दुकानं, दोन चर्च, एकमेकांशी न बोलणारी. रेल्वे. धान्याचं उंच कोठार, ते सगळ्यांत आधी दिसतं. गावाचं नाव टू एल्म्स. ओढ्याच्या उताराशी एल्मची दोन झाडं होती म्हणून."

"ओढा कुठं आहे?"

त्या हसल्या. "कुठल्या गावाचा? कारण गावं तीन आहेत."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी शाळेत परत आल्यावर मुलींनाही सांगितलं, आणि कोणाचा विश्वास बसला नाही. पहिलं गाव ओढ्याकाठी होतं. रेल्वे आली ती काही मैल लांबून गेली. रेल्वे आपल्याकडे येत नाही म्हटल्यावर गावानं ठरवलं, आपणच जाऊ. लाकडी घरं पायापासून उचलून ओंडक्यांवर चढवली आणि खेचरं जुंपून माळावरून ओढत नेली. एडनाबाईंची आजी घरातून उतरायला तयार नव्हती. चूल पेटती ठेवून ती आत स्वयंपाक करत राहिली, धुराड्यातून धूर निघतोय आणि घर चाललंय. संध्याकाळ झाली तिथं माळावरच मुक्काम, सकाळी पुन्हा पुढं.

"कोर्टसुद्धा नेलं?"

"कोर्टाचे कागद दुसरं गाव पळवू पाहत होतं. ज्या गावात कागद ते कौंटीचं मुख्य गाव. म्हणून माझे आजोबा बंदूक घेऊन त्या पेटीवर झोपले."

मला मनापासून हसू आलं. कुवेतला उतरल्यापासून पहिल्यांदाच. मग शिक्षिकेच्या सवयीनं मी विचारलं, "आणि तुमच्या आधी तिथं कोण होतं?"

"इंडियन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून दुरुस्त केलं, "तुम्ही नाही. ते दुसरे."

"त्यांचं काय झालं?"

त्या बराच वेळ पीठ मळत राहिल्या. "त्यांना पश्चिमेला पाठवलं. ओंडके आणि खेचरं दिली नाहीत." नंतर म्हणाल्या, "आमच्या शाळेत हा भाग एका पानात उरकत."

"आणि तिसरं गाव?"

"ते तुमचा भाऊ आला की सांगते. तो माझ्या घराच्या गोष्टी ऐकायला येत नाही. आज जेवायला येच म्हणून निरोप धाडलाय."

जेवणाच्या टेबलावर

श्रीधर आला. एडनाबाईंचे यजमान विहिरीवर होते, तेव्हा टेबलाशी आम्ही तिघंच. पाय झाला, चहा झाला. चहा त्या बर्फ घालून पितात. मी माझा गरम करून घेतला.

"तू आमच्याकडं का येतोयस, सांग बघू," एडनाबाईंनी त्याला सरळच विचारलं. "आमच्या साहेबांनी बोलावलं म्हणून, हे ठाऊक आहे. पण तू मोठं शहर मागितलं असतंस तर मिळालं असतं."

श्रीधर कपाशी खेळत म्हणाला, "लहान गाव बरं. कोणी ओळखीचं नसतं."

एडनाबाई मोठ्यानं हसल्या. "टू एल्म्समध्ये? अरे, तू सोमवारी उतरलास तर बुधवारी तुझ्या चुलतआज्याचं नाव त्यांना ठाऊक असेल. पोस्टात बाई आहे, ती पाकिटं हातात घेऊन वजनावरून सांगते आत काय आहे." मग हसू थांबवून म्हणाल्या, "आणि तुला ठाऊक आहे ना, आता जे गाव आहे ते तिसरं? दुसरं तळ्याखाली आहे."

श्रीधरचा हात थांबला.

त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. सरकारनं पुरासाठी बंधारा बांधला, असं त्या सांगत होत्या. घरं या वेळी ओढत नेली नाहीत, कारण विटांची होती. चौक, कोर्ट, स्टेशन, सगळं पाण्याखाली. लोकांनी हमरस्त्याच्या कडेला नवं गाव वसवलं, जुनंच नाव दिलं. पुष्कळांना आनंद झाला. तळ्यात मासे आले, सुट्टीत होड्या येऊ लागल्या. एडनाबाईंचे वडील मात्र तळ्याकडे पाठ करून बसत. मोजणीच्या खुंट्या मारायला जो तरुण आला होता, तो त्यांच्याच ओळखीतला होता. चर्चमध्ये शेजारी बसायचा. त्याच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. त्यानं दोनदा दार ठोठावलं. तिसऱ्यांदा आला नाही, गाव सोडून गेला.

"मग?" मी विचारलं. श्रीधर टेबलाकडे बघत होता.

"मग काय. वडील रागातच गेले. तळ्याचं त्यानं काही बिघडलं नाही." त्यांनी ताटल्या गोळा केल्या. "त्यांच्या अखेरच्या आजारात मी उशाशी होते. नाव घेत होते. घराचं नाही, चौकाचं नाही. त्या मुलाचं. आम्ही त्याला शोधलं, पण कुठं आहे ते कोणालाच सांगता आलं नाही."

श्रीधर उठला. "उद्या लवकर जायचंय," म्हणाला. आभार मानायचंही विसरला. जाळीचा दरवाजा त्याच्यामागं आपटला. एडनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी काही चुकीचं बोलले का?"

मी त्यांना नानाची हकीकत सांगितली. माझ्या तोडक्या इंग्रजीत किती पोचली कोण जाणे. ऐकून त्या खाली बसल्या आणि हातातल्या ताटल्या तशाच मांडीवर ठेवून म्हणाल्या, "देवा. आणि मी त्याला पाय वाढत होते."

फगा

शुक्रवारी छावणीला सुट्टी. सकाळी श्रीधर कंपनीची जीप घेऊन दारात आला. "चल, फगा शोधायला जाऊ." जणू काही झालंच नव्हतं.

फगा म्हणजे वाळवंटातली अळंबी. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की वाळूखाली बटाट्यासारखी वाढते. वर पानही नसतं. जमिनीला बारीक तडा जाऊन किंचित फुगवटा येतो, तेवढीच खूण. काळे तंबू ठोकून राहिलेल्या भटक्या बदावी बायका वाकून चालत होत्या, नजर जमिनीला खिळलेली. त्यांतल्या एकीनं मला हाताला धरून बसवलं आणि एका फुगवट्यावर माझं बोट टेकवलं. मी उकरलं. मातीच्या रंगाचा गोळा निघाला, वास थेट आपल्याकडच्या पावसाळी रानाचा. मी आनंदानं ओरडले. तिनं आपल्या ओच्यातले आणखी दोन काढून माझ्या पदरात टाकले, आणि मी काही द्यायला पर्स उघडली तर चक्क रागावली.

आम्ही दोघं भावंडं वाकून चालू लागलो, खोऱ्यात लहानपणी अळंब्या शोधायचो तसे. भान राहिलं नाही. तंबू दिसेनासे झाले. मी डोकं वर केलं तेव्हा उत्तरेकडून आभाळ तांबूस झालं होतं, भिंत चालत यावी तसं. "तोज!" श्रीधर ओरडला. धुळीच्या वादळाला तिथं तोज म्हणतात. जीपपर्यंत पळालो. आत शिरून काचा लावतो न लावतो तोच सगळं गेलं. पुढचं बॉनेट दिसेना. श्रीधरनं थोडी गाडी रेटून पाहिली, चाक वाळूत रुतलं आणि बसलं.

वारा गाडीला धक्के देत होता. पदर तोंडाला लावून मी बसले. पळून जायला त्याला जागा नव्हती, मलाही. मी म्हटलं, "नाना आता वयानं वाकलाय. आई म्हणते, त्याला भेटून मग जा कुठं जायचं ते."

"त्यानं बोलावलंय?"

"नाही."

"मग?"

"बोलावलं नाही. पण हल्ली तुझं नाव निघालं की उठूनही जात नाही. बसून राहतो."

वाळू काचेवर तांदूळ पाखडल्यासारखी वाजत होती. मग तो बोलू लागला, माझ्याकडे न बघता, समोरच्या तांबड्या काचेकडे बघत.

"अक्का, ती रेषा मी ओढली नव्हती. म्हणजे, ओढली. पण आधी मोजणी आली, आकडे आले. मी बघितलं तर आपलं घर आत. मला वाटलं चूक असेल. साहेबांना सांगितलं, पुन्हा मोजू या. ते म्हणाले, वेळ नाही. मी सुट्टीच्या दिवशी यंत्र उचलून एकटा गेलो. नाना शेतात होता. मी परसातल्या फणसापाशी यंत्र लावलं. नानानं विचारलं, काय करतोस रे? म्हटलं, शिकतोय. पुन्हा पुन्हा मोजलं. म्हटलं, कुठंतरी चूक निघेल, घर वर राहील, उंबऱ्यापुरतं तरी." त्यानं समोरची काच तळव्यानं पुसली. "चूक निघाली नाही गं. एवढं चांगलं शिकलो होतो मी मोजायला."

पाच वर्षांत हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. वाळूनं खरखरीत झालेला.

"हे नानाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मोजलं आणि बुडालंच, हे?"

"हेच सांग," मी म्हटलं. "पुढं त्याला काय म्हणायचं ते तो म्हणेल. त्या अमेरिकेतल्या पोरासारखा तिसऱ्यांदा दार न ठोठावता जाऊ नकोस. आमच्यावर तुझा पत्ता शोधत बसायची वेळ आणू नकोस."

तो रडला. मी लहानपणी पुसायचे तसं पदरानं त्याचं तोंड पुसायला गेले आणि पदरातली सगळी धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. त्यावर आम्ही दोघंही असं हसलो की ठसकाच लागला.

वादळ ओसरलं तेव्हा जीपची एक बाजू वाळूनं दारापर्यंत भरली होती. हातांनी उकरतच होतो, तोवर लांबून इब्राहिमभाईंचा पिकअप येताना दिसला. छावणीत एडनाबाईंनी आरडाओरडा करून सगळ्यांना आमच्या शोधाला बाहेर काढलं होतं. इब्राहिमभाई उतरले, आमच्याकडे आणि जीपकडे पाहिलं, फावडं काढलं आणि म्हणाले, "खाडीच्या माणसानं वाळूत गाडी घालू नये."

माळावर

श्रीधरला रजा मिळायला वेळ लागला. साहेब नाही म्हणत होते. एडनाबाईंनी घरात काय बोलणं केलं ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या बोटीवर आम्ही दोघं होतो. निघताना त्यांनी मला छातीशी धरलं. "मिस शिंडी, तो आला तर आमचा चौक बुडाला ते तळं मी त्याला दाखवीन. नाही आला तरी चालेल."

चिपळूणला आईपाशी एक रात्र राहून आम्ही सोलापूरकडे गेलो. उन्हं तापू लागली होती. नानाचं घर म्हणजे दगडावर दगड रचून वर पत्रे, भोवती बाभळी, आणि सपाट, तडकलेली काळी जमीन. नाना बाजेवर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही, तोंडही फिरवलं नाही. श्रीधर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये की," मामी म्हणाली. तो आला नाही. तिथंच उभ्यानं, उन्हात, त्यानं सगळं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी लावलेलं यंत्र, फणस, मोजणी. मधे अडला नाही. मी नानाकडे बघायचं टाळत होते.

सांगून झालं. मामीनं पाण्याचा तांब्या आणला तो कोणाला द्यावा ते तिला कळेना.

मग नाना म्हणाला, "म्हंजी त्या दिशी तू माझ्यासाटनं मोजत व्हतास."

"हो."

"मला वाटलं, सरकारासाटनं."

तो उठला. मुंडासं गुंडाळलं, काठी घेतली आणि बाहेर येऊन श्रीधरच्या शेजारी उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून माळाकडं बघत म्हणाला, "हितं दोनदा हीर खणली. दोनदा खडक लागला. तुमी लोक जिमिनीखालचं बगता म्हनं. पानी कुटं लागंल, सांग."

"नाना, मी तेलवाल्यांकडं असतो. पाण्याचं मला फारसं कळत नाही."

"मला तरी कुटं कळतंय हितलं. तिकडं आपल्या खोऱ्यात कुटंबी टिकाव मारला की पानी. चल, दोगं बगू."

अमेरिकेचं त्याचं जाणं रद्द झालेलं नाही. जूनमध्ये तो निघेल. पण त्या दुपारी दोघं माळावर फिरत होते. नाना काठीनं जमीन ठोकून बघे, श्रीधर वाकून माती चिमटीत घेई, पुन्हा पुढं जात. मामीनं दोनदा हाक मारली, जेवण निवतंय म्हणून. त्यांनी ऐकलं नाही.